गंजलेलें मळसूत्र



उपदेशक नामक पुस्तकाच्या दहाव्या अध्यायाचें दहावें वचन आज आम्ही आपणांपुढें ठेवितों. त्यांत बोथट झालेल्या लोखंडाचा विषय आहे. हत्याराकडे लक्ष न देणारास अंगचा जोर अधिक खर्चावा लागतो, आणि काम तडीस नेण्यास शहाणपण लागतें, असा त्याचा भावार्थ आहे. कोणी म्हणेल कीं, पवित्र शास्त्रांत आत्म्याच्या गोष्टी असाव्या; तेथें कुऱ्हाडीचें व कानशीचें काय काम? परंतु शास्त्र हें हातांनीं काम करणाऱ्या लोकांचें पुस्तक आहे. शौलाच्या काळीं इस्राएल देशांत लोहार उरला नव्हता, म्हणून फाळ व कुऱ्हाड पाजविण्यास लोकांना पलिष्ट्यांकडे जावें लागे, हें पहिल्या शमुवेलाच्या तेराव्या अध्यायांत लिहिलें आहे. अलीशा संदेष्ट्याच्या वेळीं यार्देनेच्या कांठीं लांकडें तोडीत असतां एका शिष्याच्या कुऱ्हाडीचें पातें पाण्यांत पडलें. तेव्हां तो कळवळून प्रथम हेंच बोलला कीं, ती कुऱ्हाड उसनी आणिलेली होती. गरिबाच्या घरीं हत्याराची किंमत काय असते, हें त्यावरून समजतें.

आज ज्या हत्याराविषयीं आम्हांस बोलावयाचें आहे तें बोथट नव्हे व बुडालेलेंही नव्हे; तें जागच्या जागीं अडकलेलें आहे. पावसाळा सरला म्हणजे पडवींत किंवा गोठ्याच्या कोपऱ्यांत ठेविलेली हत्यारांची पेटी उघडली जाते. शेगडा, ज्यास कारखान्यांत व्हाइस म्हणतात, त्याचें मळसूत्र फिरत नाहीं. पक्कडीचे जबडे मिटलेले ते उघडत नाहींत. रंध्याच्या पात्यावरचा स्क्रू हालत नाहीं. कडबा कापण्याच्या यंत्राचें पातें काढावें तर त्याचा बोल्ट व नट जणूं एकत्रच ओतलेले. मग घरांतील कोणी कंटाळून म्हणतो, “हें आतां भंगारांत द्या.” आणि वडिलांनीं जन्मभर ज्यावर संसार चालविला तें हत्यार तराजूंत पडून किलोच्या भावानें जातें. आमचें म्हणणें असें कीं, अशीं पुष्कळ हत्यारें निकामी झालेलीं नसतात, केवळ अडकलेलीं असतात. जें अडकलें आहे त्यास मेलेलें समजून टाकून देऊं नये, आणि त्यास सोडवावयाचें तर जोरापूर्वीं शहाणपण वापरावें, हाच आजच्या बोधाचा विषय आहे.

प्रथम गंज म्हणजे काय, हें समजून घेऊं. लोखंड केवळ हवेनें गंजत नाहीं व केवळ पाण्यानेंही गंजत नाहीं. शाळेंतील मुलें तीन खिळ्यांचा प्रयोग करितात. एक खिळा अगदीं कोरड्या हवेंत बंद करून ठेवितात. दुसरा उकळून हवा काढलेल्या पाण्यांत घालून वर तेलाचा थर देतात. तिसरा साध्या पाण्यांत उघडा ठेवितात. कांहीं दिवसांनीं पहिले दोन जसेच्या तसे असतात व तिसरा तांबूस झालेला असतो. लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे गंज उत्पन्न होतो. त्यांत मिठाची भर पडली तर तो फार वेगानें वाढतो. म्हणून कोंकणांत समुद्राच्या वाऱ्यांत टांगलेल्या कोयत्यावर जो तांबेरा पाहतां पाहतां चढतो, तो देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यांत महिना गेला तरी दिसत नाहीं.

दुसरें असें कीं, गंज लोखंड खातो एवढेंच नव्हे, तर तो फुगतो. जेवढें लोखंड नाहींसें होतें त्याच्या दुपटीहून अधिक जागा त्याचा गंज व्यापितो. सिमेंटाच्या छतांतील सळई गंजली म्हणजे छताचे पोपडे फुटून खालीं पडतात, ते ह्याच फुगण्यामुळें. आतां बोल्ट व नट यांच्या आट्यांमध्यें केसाएवढी फट असते. ती फट आहे म्हणून नट फिरतो. त्या फटींत ओल शिरली, मागून गंज आला, तो फुगला, आणि दोघांस त्यानें आवळून धरिलें. बोल्टाचें लोखंड बहुतेक शाबूत असतें, नटाचेंही शाबूत असतें. बिघडते ती त्यांच्यामधली जागा. हें ज्यानें ओळखिलें त्याचा राग हत्यारावर निघत नाहीं, आणि त्या मधल्या जागेवर उपाय कसा करावा याचा तो विचार करूं लागतो.

म्हणून पहिला नियम हा कीं, आरंभींच जोर करूं नये. नट हालत नाहींसा दिसला कीं पुष्कळ जण पान्याच्या दांड्यांत लांब नळी घालितात व सारें अंग तिच्यावर टाकितात. अर्ध्या मीटरच्या नळीच्या टोकाशीं दहा किलो वजनाइतका भार दिला, तर आठ मिलिमीटर जाडीचा साधा बोल्ट मोडण्यास तेवढा पुरेसा होतो. आणि धडधाकट मनुष्य तर ह्याच्या कितीतरी अधिक भार सहज देऊं शकतो. बोल्टाचें डोकें तुटून हातीं येतें, धड आंत राहतें, आणि घटकेचें काम दोन दिवसांचें होतें. जोर करण्यापूर्वीं आट्यांची दिशाही पाहावी. बहुतेक आटे उजवीकडे फिरविले असतां आवळतात. परंतु सायकलचें डावें पायडल व धार लावण्याच्या विजेच्या यंत्राचें डाव्या बाजूचें चाक उलट्या आट्यांवर बसविलेलें असतें. अशा ठिकाणीं अज्ञानानें आपण सोडविण्याऐवजीं अधिकच आवळीत राहतों. पानाही नटास सहा बाजूंनीं बरोबर धरील असा घ्यावा. ढिल्या पान्यानें कोपरे झिजतात, आणि कोपरे गेल्यावर धरावयास कांहीं उरत नाहीं.

दुसरा नियम हा कीं, आंत जाण्यास वाट करून द्यावी. तारेच्या ब्रशानें बाहेरचा सुटा गंज, माती व जुना रंग झाडून काढावा. बोल्टाचे जे आटे बाहेर दिसतात ते आधींच स्वच्छ करावे, कारण सुटतांना नटास त्यांवरूनच यावें लागतें. मग पातळ तेल सोडावें. घट्ट तेल येथें उपयोगी नाहीं, तें दारांतच बसून राहतें. डिझेल किंवा रॉकेल यांत थोडें यंत्राचें पातळ तेल मिसळून पुष्कळ मिस्त्री काम भागवितात. बाजारांत ह्याच कामाकरितां केलेलीं, बारीक फटींत शिरणारीं तेलें मिळतात, तीं अधिक चांगलीं. कोणी ॲसिटोन व मोटारीच्या स्वयंचलित गिअरचें तेल समभाग घेऊन मिश्रण करितात. तें प्रत्येक वेळीं हालवून घ्यावें लागतें, आणि तें भडकन पेटतें म्हणून विस्तवाजवळ आणूं नये. तेल सोडल्यावर नटाच्या बाजूंवर हातोडीचे हलके ठोके द्यावे. त्या कंपानें गंजाचे कण तडकतात व तेलास पुढची वाट मिळते. त्यानंतर थांबावें. संध्याकाळीं तेल सोडावें, सकाळीं पाहावें. नाहीं हालला तर पुन्हां तेल, पुन्हां ठोके, पुन्हां रात्रभर थांबणें. तेल आपल्याला दिसत नाहीं अशा जागीं काम करीत असतें, म्हणून थांबण्याच्या ह्या वेळास कोणी आळस म्हणूं नये.

ह्या संबंधांत एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. डब्ल्यूडी-४० नांवाचा डबा आज लहान गांवांतील दुकानींही दिसतो. १९५३ सालीं अमेरिकेंतील सॅन डिएगो शहरीं एका लहानशा कंपनीचे लोक अग्निबाणांच्या पत्र्यास गंज चढूं नये म्हणून पाणी हटविणारें द्रव्य शोधीत होते. तें त्यांस चाळिसाव्या प्रयत्नांत साधलें, आणि तो चाळिसाचा आकडा त्या द्रव्याच्या नांवांतच राहिला. तें मुख्यतः ओल हटविण्याकरितां केलेलें आहे. फार घट्ट बसलेल्या आट्यांस त्याहून भेदक तेल लागतें. परंतु एकुणचाळीस वेळां न साधलेल्या कामास पुन्हां हात घालणारे लोक होते म्हणून तें द्रव्य झालें, हें दोन वेळां तेल सोडून कंटाळणारांनीं लक्षांत ठेवावें.

तिसरा नियम उष्णतेचा. तेलानें न सुटणारी वस्तु पुष्कळदां ऊब दिल्यानें सुटते. परंतु ऊब कोणास द्यावी, हें कळलें पाहिजे. ती बाहेरच्या नटास द्यावी, आंतल्या बोल्टास नव्हे. म्हणजे नट प्रसरण पावून त्याचें भोंक मोठें होतें. तें किती मोठें होतें? लोखंड एक अंश तापलें असतां दहा लक्षांत बारा भाग वाढतें. २५ मिलिमीटरचें भोंक २०० अंशांनीं तापविलें तर अवघें ०.०६ मिलिमीटर वाढतें; वहीच्या कागदाच्या जाडीहून ही वाढ अधिक नाहीं. तथापि तेवढ्यानें गंजाची पकड तडकते. तापलेल्या सांध्यास मेणबत्तीचें मेण लाविलें असतां तें पातळ होऊन आट्यांत ओढलें जातें व निवतांना फिरण्यास मदत करितें.

येथें सावधगिरीचे चार शब्द सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जातां येत नाहीं. तेल लाविलेली वस्तु पुसून कोरडी केल्यावांचून ज्योतीजवळ नेऊं नये. धारेचीं पोलादी पातीं तापवूं नयेत. पात्यावर निळा रंग चढला म्हणजे त्याचें पाणी उतरलें, मग त्यास धार टिकत नाहीं. जस्ताचा मुलामा दिलेली वस्तु तापविली तर निघणारा धूर श्वासांत जाऊन थंडीताप येतो. आणि जुने शेगडे बहुधा बिडाचे असतात. बीड कठीण पण ठिसूळ. एकाच जागीं फार तापविलें, तापल्यावर गार पाणी ओतलें किंवा वर घण मारिला, तर त्यास चीर पडते व तें पुन्हां सांधणें फार अवघड. यहेज्केलाच्या चोविसाव्या अध्यायांत एका हंड्याचें वर्णन आहे. तो रिकामा करून निखाऱ्यांवर तापविला तरी त्याचा गंज गेला नाहीं. कोणत्याही दुरुस्तीस नुसता जाळ पुरत नाहीं, हें त्यावरूनही शिकावें.

चौथा नियम फिरविण्याचा. नट सोडवावयाचा असला तरी पहिली हालचाल किंचित् आवळण्याच्या दिशेनें करून पाहावी. पुष्कळदां तेवढ्यानें गंजाचा थर मोडतो. एकदां तो तसूभर हालला कीं आनंदाच्या भरांत त्यास एकदम बाहेर ओढूं नये. थोडा सोडावा, थोडा परत न्यावा, तेल द्यावें, पुन्हां थोडा सोडावा. सुटलेला गंज आट्यांत पुढें ढकलला गेला तर तोच पाचरीसारखा बसून पुन्हां अडकवितो. मागें नेल्यानें तो चुरतो व तेलाबरोबर बाहेर येतो. मागें जाणें म्हणजे हरणें, असें ज्यास वाटतें त्याच्या हातून हें काम व्हावयाचें नाहीं.

सगळेंच हत्यार गंजानें माखलें असेल तर तें भिजत घालण्याच्या रीति आहेत. लहान वस्तु साध्या सिरक्यांत एक दिवस ठेविल्यास गंज मऊ पडतो. फार दिवस ठेविल्यास आम्ल चांगल्या लोखंडासही खातें, म्हणून रोज पाहावें. साखर कारखान्यांतून निघणारी उसाची मळी एक भाग व पाणी नऊ भाग अशा मिश्रणांत मोठीं हत्यारें एक ते तीन आठवडे बुडवून ठेवितात. वास फार येतो, परंतु ती मळी गंजास धरून लोखंडापासून सोडविते व चांगल्या धातूस फारशी लागत नाहीं. मात्र ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताचे भाग तींत घालूं नयेत. विजेची रीति ज्यांस माहीत आहे ते प्लॅस्टिकच्या टोपांत दर चार लिटर पाण्यास सुमारें मोठा चमचाभर धुण्याचा सोडा घालितात, बारा व्होल्टांच्या बॅटरी भरण्याच्या यंत्राची ऋण तार हत्यारास व धन तार टाकाऊ लोखंडी पट्टीस जोडितात, आणि दोहोंचा एकमेकांस स्पर्श होऊं देत नाहींत. पट्टी स्टेनलेस पोलादाची घेऊं नये, कारण तींतून विषारी द्रव्य पाण्यांत उतरतें. ह्या कृतींत पेट घेणारा वायु निघतो, म्हणून हें काम उघड्या हवेंत करावें, आणि वीज बंद केल्यावांचून पाण्यांत हात घालूं नये. स्प्रिंगांना आम्ल व वीज हीं दोन्ही मानवत नाहींत, त्या ठिसूळ होण्याचें भय असतें. कोणत्याही रीतीनें काढलेली वस्तु धुवून तत्काळ कोरडी करावी व तेल लावावें. नाहींतर घटकाभरांत तिच्यावर नवा तांबूस थर येतो.

प्रियहो, आतां एका घराची हकीकत ऐका. एका खेड्यांत एक सुतार वारला. त्याच्या मागें दोन मुलगे. दोघेही बापाच्याच धंद्यांतले. वांटणी झाली, जमीन मोजली, भांडीं मोजलीं. परंतु बिडाचा एक मोठा शेगडा होता, त्याचे दोन भाग कसे करावे? थोरला म्हणे माझा, धाकटा म्हणे माझा. तेव्हां त्यांच्या आईनें तो गोठ्यांत ठेवविला आणि सांगितलें कीं, ज्याला हवा असेल त्यानें दुसऱ्याला विचारून न्यावा. विचारणें कोणासच नको होतें. दोघांनींही लोकांकडचे शेगडे उसने आणून काम केलें, पण एकमेकांच्या दारीं गेले नाहींत. असे चार पावसाळे गेले. पुढें थोरल्याचा मुलगा औद्योगिक शाळेंत शिकूं लागला. त्यास सरावाकरितां शेगडा पाहिजे होता. त्यानें आजीस विचारून तो बाहेर काढिला, तों मळसूत्र जागचें हालेना.

पोरानें तेल सोडिलें, दोन दिवस वाट पाहिली, पण एकट्याच्या हातून काम होण्यासारखें नव्हतें. दांडीवर एकानें बेताचा ताण धरून ठेवावा आणि त्याच वेळीं दुसऱ्यानें लांकडी मोगरीनें अंगावर ठोके द्यावे, तेव्हां कोठें असा शेगडा वळतो. आजीनें दोघां मुलांस बोलाविणें पाठविलें. “तुमच्या बापाची वस्तु आहे. भंगारांत घालायची असेल तर दोघांनीं मिळून घाला, सोडवायची असेल तर दोघांनीं मिळून सोडवा,” एवढेंच ती बोलली. थोरल्यानें दांडी धरिली, धाकट्यानें मोगरी घेतली. चार वर्षांत त्यांचें बोलणें नव्हतें, त्या दिवशीं बोलणें झालें तें इतकेंच: “दादा, थांब.” “हं, आतां मार.” “जरा मागें घे.” सकाळीं व संध्याकाळीं तेल, आणि कामाहून आल्यावर थोडा वेळ ताण व ठोके, असें आठ दिवस चाललें. आठव्या दिवशीं मळसूत्र बोटभर सरकलें. कोणी कोणाच्या गळ्यांत पडलें नाहीं. बांधाचा तंटा अजून पुरता मिटलेला नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु तो शेगडा आज आईच्या पडवींत फळीवर ठोकलेला आहे, दोघेही त्यावर कामास येतात, आणि कामापुरतें कां होईना बोलतात.

ह्या गोष्टीचा आम्ही ताणून अर्थ करीत नाहीं. मनुष्य कांहीं बोल्ट नव्हे. त्याच्या मनावर तेल सोडून रात्रभर थांबलें म्हणजे तो सकाळीं सुटेल असें कोणी म्हणूं नये. तथापि जे आपल्या घरीं, आपल्या भावकींत, आपल्या मंडळींत वर्षानुवर्षें अडकून बसलेले आहेत त्यांच्याशीं आपण कसे वागतों, हें तपासून पाहावें. दोन माणसें दोन्ही चांगलीं असतात. त्यांच्यामधल्या जागेंत न बोललेला शब्द, न दिलेला हिशेब, लग्नांत न झालेला मान हीं शिरतात, ओल धरितात व फुगतात. मग आम्ही पंचांची लांब नळी घालून एकदम जोर करितों. सर्वांसमक्ष क्षमा मागावयास लावितों, आणि माणूस मोडतो. त्यापेक्षां आधीं बाहेरची माती झाडावी, आंत शिरेल असा एखादा हलका शब्द सोडावा, आणि थांबावें. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांतील माळ्यानें फळ न देणाऱ्या अंजिरासाठीं आणखी एक वर्ष मागून घेतलें. परंतु तें वर्ष त्यानें नुसतें बसून घालविण्याकरितां मागितलें नव्हतें; खणण्यास व खत घालण्यास मागितलें होतें. वाट पाहणें आणि सोडून देणें यांत एवढाच भेद आहे, व तो फार मोठा आहे.

असेंही होतें कीं, सर्व उपाय करून नट सुटत नाहीं. तेव्हां बोल्टाचा मोह धरूं नये. छिनीनें नट फोडावा किंवा बोल्टाच्या मधोमध भोंक पाडून तो पोखरून काढावा. डोळ्यांस चष्मा लावून हें काम करावें, कारण लोखंडाची कपची डोळा घेते. बोल्ट थोड्या पैशांत नवा मिळतो; ज्या यंत्रांत तो बसला आहे तें यंत्र राखावयाचें असतें. कशास राखावें व कशास जाऊं द्यावें, हें न कळल्यामुळें पुष्कळ जण क्षुल्लक बोल्ट वांचवितांना यंत्राचें अंग फोडितात. बांधावरची वीतभर जमीन राखतांना भाऊ गमावणारा मनुष्यही हेंच करितो.

शेवटीं, सुटलेलें हत्यार पुन्हां अडकूं नये याची काळजी. काम संपल्यावर हत्यार पुसावें, घामाचा हात लागलेला भाग विशेषें पुसावा, कारण घामांत मीठ असतें. यंत्राचें तेल पातळ हातानें लावावें. स्वयंपाकघरांतलें करडईचें किंवा शेंगदाण्याचें तेल सांध्यांत घालूं नये. तें कालांतरानें चिकट होऊन वाळतें व स्वतःच सांधा धरून ठेवितें. जवसाच्या तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून ठेवूं नये, तो आपोआप पेटूं शकतो. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्या. पेटी जमिनीवर न ठेवितां फळीवर ठेवावी. आणि सर्वांहून मोठा उपाय हा कीं, हत्यार वापरीत जावें. जें मळसूत्र रोज फिरतें त्यावर रोज नजर पडते, रोज पुसणें होतें, आणि त्यांत गंजास बसावयास फुरसत मिळत नाहीं.

याकोबानें आपल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत सांचवून ठेविलेल्या धनाच्या गंजास साक्षीदार म्हटलें आहे. तो गंज धनवंतांविरुद्ध साक्ष देईल, असें तो म्हणतो. वापरावयास दिलेली वस्तु वापरली नाहीं, वांटून घ्यावयाची ती वांटली नाहीं, ह्याची ती साक्ष आहे. गोठ्यांत चार पावसाळे पडून राहिलेल्या शेगड्यावरचा गंजही तशीच साक्ष देत होता. आपल्या घरांत अशी साक्ष देणारी कोणकोणती वस्तु आहे, आणि आपल्या नात्यांत अशी साक्ष देणारी कोणती जागा आहे, हें प्रत्येकानें येत्या आठवड्यांत पाहावें. तेल सोडावयास लागणारा वेळ थोडा आहे. थांबावयास लागणारा वेळ पुष्कळ आहे, म्हणून आरंभ लौकर करावा.

ज्या सुताराच्या घरीं आपला प्रभु वाढला त्या घरींही हत्यारें होतीं, आणि तीं कोणीतरी पुसून ठेवीत असेल. तो आपणां सर्वांस जोर करण्यापूर्वीं शहाणपण, आणि शहाणपणाबरोबर धीर देवो. आमेन.